केजची बिनविरोध निवड

नगरहून निघताना शेजारच्या वहिनींनी विचारलं, केजला बघण्यासारखं काय आहे. मी म्हटलं, कॅल्व्हिनवाद. त्यांना ते एखादं लेणं वाटलं असावं, कारण पायऱ्या किती आहेत हे त्यांनी काळजीने विचारलं. माझे गुडघे त्यांना माहीत आहेत.

पायऱ्या नव्हत्या, पण चढ होता.

मी सरकारी नोकरीत भाषांतर करत होते. खरेदीखतं, जबान्या, साक्षी, कधीकधी साक्षीदारांच्या शिव्या, सगळं इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत केलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आमचं नगरचं चर्च मिशनच्या काळातलं आहे, दगडी. तिथे पेटीवर गीतं होतात, पाळकसाहेब वीस मिनिटं बोलतात आणि कुणी मोठ्याने 'आमेन' म्हटलं तर पुढच्या बाकावरची माणसं वळून बघतात. अशा शांत जागेतून मला केजच्या एका पास्टरांचा फोन आला. सुधाकर त्यांचं नाव. बेंगळुरूहून एक शिक्षक तीन दिवसांच्या वर्गासाठी येणार होते. ते इंग्रजीत शिकवणार आणि मी शेजारी उभं राहून मराठीत सांगायचं.

विषय होता 'कृपेचे सिद्धांत'. ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोण तारलं जाणार हे देवाने जग घडवण्याआधीच ठरवून ठेवलंय, माणसाच्या कर्तबगारीचा त्यात काही वाटा नाही, अशी ही शिकवण. हाच तो कॅल्व्हिनवाद. आहे युरोपातल्या कॅल्व्हिनचा, काही शतकांपूर्वीचा, पण मोबाइल स्वस्त झाल्यापासून आपल्याकडच्या गावोगावच्या तरुण पास्टरांना तो नव्याने सापडला आहे. त्याच्याबरोबर बऱ्याचदा आणखी एक मत येतं. अनोळखी भाषेत प्रार्थना करणं, भविष्य सांगणं, हात ठेवून बरं करणं ही दानं येशूच्या पहिल्या प्रेषितांबरोबर संपली, आता जे चालतं ते खरं नव्हे. आणि मराठवाड्यातल्या निम्म्या मंडळ्यांची, म्हणजे गावोगावच्या चर्चची, उपासना तर याच दानांवर उभी आहे. तेव्हा भांडण कुठे लागतं ते लक्षात आलं असेल.

गुरुवार, केज

मांजरसुंब्याचा चहा फार गोड, एवढं सांगून बसचा प्रवास संपवते. स्टँडवर सुधाकर मोटारसायकल घेऊन उभे होते. चाळिशीतले, सडपातळ, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. मला त्रेसष्टाव्या वर्षी बॅग मांडीवर घेऊन मोटारसायकलवर एका अंगाने बसवलं आणि बाजारातून, केळ्यांच्या गाड्यांमधून, जीपवाल्यांच्या हाकांमधून नेलं. वाटेत त्यांनी सांगितलं की पाहुणे शिक्षक त्यांच्या घरी उतरतील आणि माझी सोय थोरल्या बहिणीकडे केलीय. मग गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली, लिंबाच्या झाडाखालचं पत्र्याचं घर बोटाने दाखवलं आणि वळून निघून गेले. दारापर्यंत आले नाहीत. मला ते चमत्कारिक वाटलं, पण बॅग जड होती, विचार नंतर केला.

बहिणीचं नाव रत्नमाला, पण सगळी गल्ली अक्काच म्हणते. वय पन्नाशीच्या पुढे, धंदा ब्लाउज शिवण्याचा. गळ्यात टेप कायम, जेवतानासुद्धा. तिने मला ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी वाढली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्यांचं पीठ, ते उकळत्या पाण्यात सोडलं की झाली आमटी. आम्ही बाजरीवाले लोक. पण त्या आमटीबरोबर मी तीन भाकरी खाल्ल्या आणि चौथीला फक्त लाजेखातर नाही म्हटलं.

जेवण झाल्यावर अक्काने मला नीट न्याहाळलं आणि कामाचा प्रश्न विचारला.

"तुमी भाषांतरवाल्या ना? मंग माझं बी करा की."

मला वाटलं एखादा कागद असेल. कागद नव्हता. अक्का तिशीत असल्यापासून प्रार्थनेत अशा भाषेत बोलते, जी तिने कधी शिकली नाही आणि तिला स्वतःलाही कळत नाही. मंडळीतल्या निम्म्या बायका तिच्याचकडून प्रार्थना करायला शिकल्या. आठ महिन्यांपूर्वी एका रविवारी तिने उपासनेत अशीच प्रार्थना सुरू केली, तेव्हा सुधाकरने पुढून हात वर करून तिला थांबवलं. अर्थ सांगणारं कुणी नसेल तर गप्प राहावं, असं बायबलमध्ये पौलाने लिहिलंय, तेव्हा अक्का खाली बस, असं म्हणाला. चाळीस माणसांसमोर. अक्का खाली बसली, उपासना संपल्यावर चप्पल घालून घरी आली आणि त्यानंतर त्या दारात गेली नाही. तिच्यामागे सातआठ बायकाही थांबल्या. आई लवकर गेल्यावर या सुधाकरला तिनेच वाढवलं होतं.

"अर्थ सांगणारं माणूस आण म्हणला. आता देवानं माणूस माझ्याच घरी मुक्कामाला पाठवलं," असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली.

मी कबूल केलं की मला तीनच भाषा येतात आणि मोडी थोडी थोडी वाचता येते. ती म्हणाली, बघू.

शुक्रवार, केज

सकाळी अक्का चुलीपुढे बसून प्रार्थना करत होती. मी दाराआड उभी राहून ऐकलं. चोरून ऐकणं वाईट, पण तीस वर्षांची सवय. क्रियापद कुठे आहे, वाक्य कुठे संपतं, असं मी शोधत होते. काही हाती लागलं नाही. वाहत्या पाण्यासारखं मऊ, मध्येच घाईचं, मध्येच विनवणीचं असं ते होतं. मी सांगितलं की मला काहीच कळलं नाही. अक्का म्हणाली, मला तरी कुठं कळतंय, आणि सुशीला पुढे केला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता. त्याचा अर्थ मात्र लगेच कळला.

वर्ग मंडळीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये होता, रविवारची उपासना होते तिथेच. तीस-पस्तीस माणसं, दोन पंखे, त्यातला एक फिरणारा. पाहुणे शिक्षक, थॉमस सर, उंच, शांत, आणि जमिनीवर बसायची सवय नसलेले. दर दहा मिनिटांनी ते पाय बदलत आणि पुढची म्हातारी माणसं सहानुभूतीने बघत.

पहिला सिद्धांत, माणसाच्या पूर्ण भ्रष्टतेचा, केजकरांना विनासायास पटला. कुणी शंका काढली नाही. उलट दोघातिघांनी उदाहरणं द्यायची तयारी दाखवली.

दुसऱ्या सिद्धांताला माझा घात झाला. सरांनी सांगितलेल्याचं मराठी 'बिनशर्त निवड'. मी रात्री वहीत लिहूनही ठेवलं होतं. पण हॉलच्या बाहेरच्या भिंतीवर कुठल्यातरी जुन्या निवडणुकीचा 'बिनविरोध' असा रंगवलेला मजकूर अजून होता, तो येताना डोळ्यांत भरला असावा. मी खणखणीत आवाजात सांगितलं, "देवाने आपली बिनविरोध निवड केली आहे."

सगळ्या हॉलने माना डोलावल्या. तीस वर्षांत माझ्या कुठल्याही भाषांतराला इतका मनापासून होकार मिळाला नव्हता. पुढच्या रांगेतले एक आबा शेजाऱ्याला समजावू लागले की म्हंजे फारम एकच आलता, दुसरा कुणी उभाच न्हाई ऱ्हायला. सुधाकरांनी डोकं धरलं. मी चूक सुधारली, पण तोवर आबांनी उठून विचारलंही की यादीत आपलं नाव हाय का न्हाई ते बघायचं कुठं.

मी प्रश्न सरांना सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले की यादी बघायला कुणालाच मिळत नाही, ख्रिस्ताकडे बघा, त्याच्याकडे यावंसं वाटतंय तर तेवढी खूण पुरे. आबा खाली बसले आणि दुपारपर्यंत एकदाही डुलले नाहीत.

संध्याकाळी मी हे अक्काला सांगितलं. कॅल्व्हिन हा शब्द तिला जमत नव्हता, ती सरळ 'कालवणवाले' म्हणायची. पण कालवणवाल्यांशी तिचं निवडीवरून भांडण नव्हतंच.

"देवानं मला निवडलं हे मला ठावं हाय की," ती मशीनवर बाही जोडत म्हणाली. "मी कुठं अर्ज केलता?"

शनिवार, घाटनांदूरच्या वाटेवर

शनिवारी दुपारी घाटनांदूरला एका घरी छोटी सभा होती. सलीमभाईंच्या जीपने आम्ही निघालो. पुढे सर, कारण त्यांचे पाय, आणि मागे मी आणि सुधाकर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी रानं, कुठे कापूस, कुठे फुलावर आलेली तूर. पुढे माळ लागले आणि माळांवर सीताफळीची झुडपं. आमच्या नगरला सीताफळ बाजारात भेटतं, इथे ते रस्त्याच्या कडेला उभं असतं.

अंबाजोगाई मागे टाकली आणि टायर बसलं. सलीमभाई शांतपणे उतरले. सुधाकरांनी त्यांना थट्टेत विचारलं की हे पंक्चर आधीच ठरलेलं होतं का. सलीमभाईंनी जॅक लावता लावता उत्तर दिलं.

"तकदीर में पंचर लिखा था तो लिखा था, पास्टरसाब. मगर पाना तो मेरेकोच फिराने का है ना."

मी ते सरांना इंग्रजीत सांगितलं. सरांनी वही काढून लिहून घेतलं.

आम्ही बांधावर बसलो. शेजारच्या रानातल्या बाईने ओटीभर सीताफळं आणून दिली. बेंगळुरूचे सर एकेक बी मोजून काढत होते, आम्ही तोंडातच निवाडा करत होतो. गप्पा निघाल्या तसं सुधाकरांनी माझ्यामार्फत विचारलं की उद्या शेवटच्या दिवशी आत्मिक दानांवर बोलताना, ती संपली आहेत हे सर जरा ठासून सांगतील का. मंडळीला गरज आहे.

सरांनी बी थुंकली, ओठ पुसले आणि म्हणाले की ते तसं मानत नाहीत. देवाच्या निवडीवर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. पण दानं अमुक काळी बंद पडली असं त्यांना बायबलात कुठे सापडलेलं नाही. या विचाराची माणसं दोन्हीकडची असतात, तुम्ही मला आधी विचारलं नाहीत, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल.

मी हे मराठीत सांगितलं आणि सुधाकरांच्या हातातलं सीताफळ तसंच राहिलं. ज्यांचे दोनशे व्हिडिओ बघितले त्यांच्या पंथाचा माणूस आपण तिकीट काढून बोलावला, आणि तो अक्काच्या बाजूचा निघाला.

घाटनांदूरची सभा झाली, परत आलो. केजच्या स्टँडजवळ सर जीपमध्येच बसून राहिले आणि सुधाकरांनी मला चहाला म्हणून बाजूला नेलं. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला त्यांचा राग आला नाही, हे आधी नमूद करते.

तीन वर्षांपूर्वी एक फिरते प्रचारक मंडळीत आले होते. त्यांनी साखरेचा आजार असलेल्या एका माणसावर हात ठेवला, देवाने मला सांगितलं तू बरा झालास, गोळ्या सोड, असं म्हणाले. त्याने सोडल्या. पुढे त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो माणूस आजही रविवारी कुबडी घेऊन येतो आणि सुधाकर त्याच्यासमोर उभे राहून शिकवतात. त्या दिवशी प्रचारकांना मीच बोलावलं होतं, असं ते म्हणाले. तेव्हापासून 'देवाने मला सांगितलं' हे तीन शब्द ऐकले की त्यांना घाम फुटतो.

मग ते म्हणाले, "मॅडम, सरांना मराठी येत न्हाई. उद्या तेवढं एक वाक्य जरा सांभाळून घ्या."

म्हणजे गाळा. मी चहा संपवला आणि बघते म्हणाले. ते बघते म्हणणं मला आजही आवडत नाही. नाही म्हणायला हवं होतं.

रविवार, केज

रविवारी वर्गाचं जेवण होतं, आणि धपाटे अक्काशिवाय कुणाच्या हातचे नकोत, असं बायकांनी परस्पर ठरवलं. अक्का दोन पाट्या धपाटे आणि दही घेऊन आली, दाराशी ठेवून जायला. पण पाट्या तिच्या होत्या, रिकाम्या परत न्यायच्या होत्या, म्हणून दाराच्या आत, चपलांजवळ, भिंतीला टेकून बसली. आठ महिन्यांनी. तिच्यामागून त्या सातआठजणी आल्या. सुधाकरांनी बघितलं आणि पंख्याकडे बघायला लागले.

सर दानांवर बोलू लागले. सुरुवात सुधाकरांच्या मनासारखी होती. देवाच्या नावाने कुणी काही सांगितलं तर पारखून घ्या, गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका, सगळं शिस्तीत होऊ द्या. मी एकेक वाक्य मराठीत करत होते. कुबडीवाले गृहस्थ पुढेच बसले होते, त्यांनी मान हलवली.

मग ते वाक्य आलं. सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले.

मी खुनाच्या खटल्यातल्या जबान्या केल्यात, साक्षीदाराची शिवीसुद्धा कधी गाळली नव्हती. सुधाकर जमिनीकडे बघत होते. वाक्य सोडून पुढे जाणं अगदी सोपं होतं, कुणालाही कळलं नसतं. पण सर थांबले होते. आपला आवाज माझ्या हाती देऊन, विश्वासाने. आणि गाळलेल्या वाक्यावर उभी राहिलेली शिस्त किती दिवस टिकेल, हेही मनात आलं.

"सर म्हणतात," मी म्हटलं, "दानं बंद झाल्याची तारीख मला या पुस्तकात सापडली नाही. परक्या भाषेत बोलणाऱ्याला मना करू नका, असं पौल लिहितो."

कुणी 'आमेन' म्हटलं नाही, आणि केजमध्ये ही गोष्ट मोठी होती. दाराशी बसलेल्या बायका अक्काकडे बघत होत्या. अक्का पाटीच्या कडेचा वेत नीट करत होती.

सरांचं संपल्यावर सुधाकर उठले. मला वाटलं आता प्रतिवाद होणार. त्यांनी माइक घेतला.

"भाषांतर बरोबर झालं," ते म्हणाले. "ते वाक्य गाळा असं मी मॅडमना काल सांगितलं होतं. त्यांनी गाळलं न्हाई." पुढे म्हणाले, "सरांचं म्हणणं मला अजून पटलेलं न्हाई. मी वाचीन. पण अक्काला मी सगळ्यांपुढं खाली बसवलं, ते चुकलं. घरी जाऊन सांगायला पायजे होतं. ते बी आठ महिन्यांत जमलं न्हाई."

मग दाराकडे बघून म्हणाले, "अक्का, शेवटची प्रार्थना तू कर."

अक्का कशा भाषेत प्रार्थना करणार हे सगळ्यांना माहीत होतं. सुधाकरांनी डोळे मिटले, पण इतके घट्ट की ते प्रार्थनेसाठी मिटल्यासारखे दिसत नव्हते. मी नकळत वही उघडली.

अक्का चपलांमध्येच उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि अगदी केजच्या मराठीत बोलली.

"देवा, लई बोलत न्हाई, जेवण गार व्हायलंय. पाव्हण्यांचे पाय अवघडलेत, त्यास्नी आराम दे. आमच्या सुधाकरला तू शहाणा केलास, आता आनखी शहाणा करू नको. माझं बी काय चुकत असंल तर मला दाखव. पर सगळ्यांपुढं दाखवू नको. आमेन."

'आमेन' इतकं मोठं झालं की सरांनी दचकून मला विचारलं, काय म्हणाली. मी शब्दन् शब्द सांगितलं. आपल्या पायांचा उल्लेख ऐकून ते पहिल्यांदा मोकळेपणाने हसले.

धपाटे दह्याबरोबर खाल्ले. सुधाकर पंगतीत वाढत होते. अक्काच्या ताटाशी आल्यावर त्यांनी विचारलं नाही, दोन जास्तीचे टाकले. तिने एक उचलून परत त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी उभ्या उभ्याच खाल्ला.

सोमवार, केज स्टँड

एवढ्यावर सगळं मिटलं असं कुणी समजू नये. सोमवारी सकाळी सुधाकर या वेळी घराच्या दारापर्यंत आले, आत येऊन चहा प्याले, आणि स्टँडवर जाईपर्यंत त्यांनी मला सरांच्या मताविरुद्ध आठ मुद्दे ऐकवले. ते पत्र लिहिणार होते आणि त्याचं इंग्रजी मी करायचं होतं. एकही वाक्य गाळायचं नाही, असं त्यांनी स्वतःच बजावलं. अक्का मागून रिक्षाने येसरची पिशवी घेऊन आली.

ते बसची चौकशी करायला खिडकीशी गेले तेव्हा मला राहवलं नाही. मी अक्काला विचारलं, काल सगळा हॉल वाट बघत होता, खुद्द शिक्षकांनी परवानगी दिली होती, मग तिने तिच्या त्या भाषेत प्रार्थना का केली नाही.

"काल त्याला कळायला पायजे होतं," ती म्हणाली.

बस लागली. मी चढले, खिडकीची जागा मिळाली, अक्काने पिशवी वर दिली. सुधाकर लांबून बस सुटायची वेळ ओरडून सांगत येत होते. अक्का खिडकीला धरून जरा वर झाली आणि हळू आवाजात म्हणाली,

"आता ह्या आठ महिन्यांचं देवाला जे खरंखुरं सांगायचं हाय ना, ते घरी सांगते. त्या भाषेत. त्यातलं ह्याला एक अक्षर कळायचं न्हाई."